जाऊनये

आईच्या बोलण्यात 'नये' फार. ओल्या केसांनी झोपू नये, जेवताना वाचू नये, पाहुण्यांसमोर घड्याळाकडे बघू नये, कात्री नुसती वाजवू नये. छापखान्यात सगळे तिला नयेबाई म्हणत, आणि तेही तोंडावर म्हणत. कारण पाठीमागे बोलू नये, हेही तिचंच. चाळीस वर्षं तिने तिथे मुद्रितं तपासली. नवं गिऱ्हाईक आलं की मालक खुर्चीत मागे रेलून सांगायचे, "आमच्याकडे एक वेळ शाई संपेल, पण नयेबाईंच्या हातून चूक निसटायची नाही."

लेक लहान असताना मूळ प्रत धरायचं काम तिच्याकडे असे. मूळ प्रत म्हणजे लेखकाने हाताने लिहिलेले कागद. आई छापलेलं मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि लेकीने हस्तलिखितावर बोट फिरवत जायचं. फरक सापडला की 'थांब' म्हणायचं. एकदा मध्येच तिने विचारलं, "आई, मी खेळायला जाऊ?" आई म्हणाली, "पूर्णविराम." लेक बिचारी तोंड पाडून घरात बसून राहिली. दिवे लागल्यावर आईनेच विचारलं, "आज खेळायला गेली नाहीस ती?"

या गोष्टीवर दोघी पुढे कितीदा तरी हसल्या. आता हसायला एकटी लेक उरली होती.

आई जाऊन पाच महिने झाले होते. शेवटच्या सकाळी, इस्पितळातल्या खुर्चीत तीन दिवस काढून अंग आंबलेली लेक म्हणाली होती, "आई, घरी जाऊन अंघोळ करून येते. तासाभरात." आई उशीला टेकून बसली होती. तोंडावर प्राणवायूचा मास्क, मांडीवर कसलंसं पुस्तक उघडं, बोटांत पेन्सिल. तिथेही तिचं काम सुटलं नव्हतं. मास्कच्या आतून अक्षरं आली ती सुटी सुटी, एकेका अक्षरामागे एकेक श्वास घेऊन. जा. ऊ. न. ये. मग थोडं थांबून, "चहा."

लेकीने ऐकलं ते 'जाऊन ये'. ती गेली. अंघोळ केली, आईला चहा हवाय म्हणून थर्मास भरून घेतला, आणि परत आली तेव्हा वॉर्डच्या दारातच परिचारिकेने आधी तिच्या हातातला थर्मास काढून घेतला. त्यावरूनच तिला कळलं.

तेव्हापासून डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. आई 'जाऊन ये' म्हणाली, की 'जाऊ नये'? अक्षरं तीच चार. फरक फक्त एका जागेचा. दोन शब्दांमधल्या रिकाम्या अंतराला छापखान्यात जागा म्हणतात. त्या दिवशी मास्कमधून सगळं बाहेर आलं होतं, तेवढी जागाच आली नव्हती. दुसऱ्या कुणाची आई असती तर प्रश्नच नव्हता. आजारी माणूस फार तर 'जाऊ नकोस' म्हणेल. 'जाऊ नये' असं कोण म्हणतं? पण ही नयेबाई होती.

इस्पितळातून परत आलेली पिशवी लेकीने पाचव्या महिन्यात उघडली. कंगवा, लोकरीचे मोजे, चष्म्याचं घर, पेन्सिल, आणि ते पुस्तक. 'सोपी वाट', आणि खाली बारीक अक्षरांत, 'नवख्यांसाठी डोंगरकुरणांतून चार दिवस'. बावीस वर्षांपूर्वी आईच्याच छापखान्यात छापलेलं. पाचव्या आवृत्तीसाठी ती ते पुन्हा तपासत होती. लिहिणारे एक मास्तर. हयातभर ती वाट चालले, आणि शेवटच्या आजारपणात आपल्या भाचीला पत्रं लिहावीत तसं सगळं लिहून काढलं. लेकीने सहज म्हणून एक पान वाचलं आणि मग वाचतच गेली. 'चढावर बोलता येईल एवढ्याच वेगाने चाल. बोलता येईनासं झालं तर थांब. बूट नवे असतील तर आठ दिवस घरात घालून फीर. लोक हसतील. डोंगरावर रडण्यापेक्षा घरात हसू झालेलं बरं.'

एकेचाळिसाव्या पानावर, तिसऱ्या दिवसाच्या मुक्कामापाशी, एक वाक्य होतं: 'वरच्या तळ्याकडे जाऊ नये.' त्याखाली पेन्सिलीची थरथरती नागमोडी रेघ, आणि समासात आईचं अक्षर: 'मूळ पाहणे. पुढचं वाक्य मी काढलं होतं.'

तीच चार अक्षरं. म्हणजे त्या सकाळी आई तिच्याशी बोललीच नव्हती, वाचत होती? आणि वाचत असेल तर काय वाचत होती, छापलेलं 'जाऊ नये' की चूक लक्षात येऊन दुरुस्त केलेलं 'जाऊन ये'? आणि ते काढलेलं वाक्य कोणतं? या सगळ्याचं उत्तर कुठे असलंच, तर मास्तरांच्या हाताने लिहिलेल्या एका कागदावर होतं.

तिने मालकांना फोन लावला.

"मूळ प्रत? अगं, ती तेव्हाच भाचीला परत पाठवली," मालक म्हणाले. "मास्तर तर पुस्तक हातात पडायच्या आधीच गेले. आणि तू ते मुद्रित लवकर दे बाई. माझी पाचवी आवृत्ती त्या एका पानासाठी खोळंबलीये."

"भाचीला पत्र टाका ना."

"या आवृत्तीचं कळवायला दोन टाकली. पण ती उन्हाळाभर वर कुरणात असते. तिथे पोस्टमन जात नाही, मेंढ्या जातात."

"मग मी जाते."

"तू? तुला चढाची सवय आहे?"

"पुस्तक नवख्यांसाठीच आहे की."

तिने बूट आणले आणि आठ दिवस ते घालून चष्म्याच्या दुकानात काम केलं. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणं हा तिचा व्यवसाय. अंधाऱ्या खोलीत फळ्यावरची शेवटची ओळ वाचायला सांगायची आणि गप्प बसायचं. वीस वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती: माणसं दिसतं ते वाचत नाहीत, असेल असं वाटतं ते वाचतात. आणि अगदी खात्रीने वाचतात.

भाची उन्हाळ्यात नवख्यांना त्या वाटेने घेऊन जात असे. या खेपेला वाटेवर तिघंच होते. पुढे भाची; पन्नाशीची, केस अर्धे पांढरे, पण पुस्तकामुळे साऱ्या दरीत तिला भाची हेच नाव पडलेलं. मागे दातवाले काका, निवृत्त दंतवैद्य, तेही पहिल्यांदाच आलेले. मधे लेक. मूळ प्रतीचा विषय तिने पहिल्या दिवशी काढला नाही. एवढ्या लांब येऊन दारात पाय ठेवताच 'तुमचे कागद दाखवा' म्हणणं तिच्या जिभेवर येईना. आणि खरं सांगायचं तर उत्तर पुढे ढकलायलाही तिला हरकत नव्हती.

पहिला दिवस रानातून चढायचा होता. काकांच्या पाठीवर घडीची खुर्ची, दोन पातेली, दुर्बीण आणि छत्री होती.

"चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, तोंड उघडा," काका धापा टाकत म्हणाले. "आज न सांगता माझंच उघडलंय."

"बोलता येतंय ना? मग वेग बरोबर आहे," भाची मागे न बघता म्हणाली. "आणि ती खुर्ची कशाला आणलीत?"

"बसायला."

"डोंगर केवढा आहे बसायला!"

"बायकोला म्हटलं, चल. ती म्हणाली, तुम्ही जाऊन या, मी इथेच सपाटीवर बरी आहे." काका थांबले. "काय झालं, ताई? पाय मुरगळला का?"

"नाही," लेक म्हणाली. "खडा होता."

दुसऱ्या दिवशी झाडं एकदम संपली. इथवरच, असं कुणीतरी दटावल्यासारखी एका ओळीत थबकली होती. पुढे नुसतं गवत. लांबून पाहिलं तेव्हा लेकीला ते एकरंगी हिरवं वाटलं. आत शिरल्यावर पावलागणिक वेगळं निघालं. कुठे केसांसारखं मऊ, कुठे ताठ आणि टोकाला तांबूस, कुठे पाण्याने दबलेलं, आणि त्यात करंगळीच्या नखाएवढी फुलं, पिवळी, पांढरी, एक निळं तर इतकं निळं की ते खाली पडलेलं बटण असावं असं वाटून ती वाकली. तिच्या खिशात दुकानातलं भिंग होतं. ते लावून पाहिलं तर पाकळ्यांना बाहेरून पांढरी लव होती.

"याला लव का बरं असेल?" तिने विचारलं.

"थंडीसाठी. लोकर घालून येतात ती," भाची म्हणाली. "इथे जे जे राहतं ते अंगावर काहीतरी घालून राहतं."

"ताई, फुलाचा नंबर काय निघाला?" काका म्हणाले.

"जवळचं चांगलं दिसतंय त्याला. लांबचं कमी."

"मग माझ्या बायकोसारखंच."

लेक हसली. आपल्याला हसू आलं याचंच तिला नवल वाटलं. पाच महिन्यांनी काहीतरी नुसतं बघावंसं वाटत होतं. पाणी कुठून येतं, वारा गवतावर तेवढाच पट्टा का विंचरतो, दगडाच्या एकाच बाजूला शेवाळ का. प्रत्येक थांब्यावर ती पुस्तक काढायची आणि मास्तरांनी त्या जागेचं काय लिहिलंय ते पाहायची. आणि असं बघता बघता तिला एक गोष्ट खटकली. मास्तर 'नये' म्हणतच नव्हते. 'घाई करू नकोस, डोंगर कुठे जात नाही.' 'कोरडे मोजे पिशवीच्या तळाला ठेवू नकोस.' 'उतारावर फुशारकी मारू नकोस.' दुपारच्या विसाव्यात तिने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोजलं. 'नकोस' एकतीस वेळा. 'नये' एकदाच, पान एकेचाळीस.

एवढी ढळढळीत गोष्ट आईला दिसली नाही? ज्या बाईला दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेतला चुकीचा अनुस्वार जेवू देत नसे, तिला? की 'नये' ही तिची रोजची भाषा, म्हणून ती खटकलीच नाही? फळ्यावरची शेवटची ओळ आईनेही असेल अशी वाटली तीच वाचली असेल?

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना ते मोठ्या कुरणाच्या टोकाशी पोचले. तिथे भाचीची दगडी खोली होती. बुटकं दार, कौलांवर ठेवलेले धोंडे, आत दोन बाकं आणि स्टोव्ह. खोलीपाशी वाट फुटत होती. एक चांगली मळलेली, खाली उतरणारी, उद्याची. दुसरी खोलीच्या मागून दगडांमधून वर चढणारी, दिसेल न दिसेल अशी.

"ही कुठे जाते?" लेकीने विचारलं. कुठे जाते ते तिला पाठ होतं.

"वरच्या तळ्याकडे. तिकडे जात नाही आपण."

"का?"

"हवा विरळ आहे तिथे."

"किती लांब आहे?" काकांनी विचारलं.

"असेल अर्धा तास."

"अर्ध्या तासात हवा कुठे पळून जाते?"

भाचीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "तळ्यात भोवरा आहे."

"कुणी पाहिलाय?"

"जायचंच नाही म्हटल्यावर पाहणार कोण?" भाचीने पाठीवरचं ओझं उतरवलं. "आणि पुस्तकात लिहिलंय. माझे मामा उगाच नको म्हणणारे नव्हते. ही खोली त्यांची, ही वाट त्यांची. मी लहान होते तेव्हा मला खालच्या कुरणाच्या वर आणायचे नाहीत. म्हणायचे, मोठी झालीस की सगळं दाखवीन. मी मोठी झाले तर त्यांनी अंथरूण धरलं. मग लिहूनच ठेवलं. मी बावीस वर्षं त्यांच्या शब्दाबाहेर गेले नाही."

लेक बाकावर बसली. आता पुढे ढकलायला जागा उरली नव्हती.

"त्यांनी लिहिलेले ते कागद तुमच्याकडे आहेत का?"

"कशाला हवेत?" भाचीचा आवाज जरा चढला.

"माझी आई त्या छापखान्यात होती. हे पुस्तक तिने तपासलं होतं."

भाची तिच्याकडे बघतच राहिली. "नयेबाई?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"कागद परत पाठवले त्यात 'नयेबाई' अशा सहीची चिठ्ठी होती. 'कागद उन्हात ठेवू नयेत. दमट जागी ठेवू नयेत. घडी मोडू नये.' तेव्हापासून डबा त्या बाकाखाली आहे. तुम्ही त्याच्यावरच बसलायत."

डबा पत्र्याचा होता, बिस्किटांचा. झाकण काढायला काकांना पक्कड लागली. ती त्यांच्या सामानात निघाली आणि खुर्चीबद्दल झालेला सगळा अपमान भरून निघाला. आत जाड दोऱ्याने बांधलेला गठ्ठा होता. दोऱ्याची गाठ छापखान्याची, आईच्या हातची. दोनदा पीळ देऊन आत खोचलेली. लेकीने ती ओळखली.

"तुम्ही वाचले नाहीत हे कधी?" तिने विचारलं.

"मामांनी थेट छापखान्यात दिले होते. म्हणाले, छापून आल्यावरच वाच, माझं अक्षर तुला लागायचं नाही. पुस्तक आलं तेव्हा ते नव्हते." भाची गाठ सोडत होती. "पुस्तकात ते मास्तर वाटतात. यात मामा वाटले असते. म्हणून उघडलं नाही."

अक्षर खरोखरच लागणारं नव्हतं. मुंग्यांची रांग निघावी तशी शाई या कडेपासून त्या कडेपर्यंत चालली होती. शब्दावरच्या रेघा एकमेकींत मिसळलेल्या, मधे जागा कुठेच नाही. आजारी माणसाने, कागद आणि वेळ दोन्ही वाचवत लिहिल्यासारखं. लेकीने तिसऱ्या दिवसाचा कागद शोधला, खिशातलं भिंग काढून भाचीच्या हातात दिलं आणि त्या ओळीखाली बोट ठेवलं.

"वाचा," ती म्हणाली. दुकानात म्हणायची त्याच आवाजात.

भाचीने वाचलं. "वरच्या… तळ्याकडे… जाऊ नये." तिने मान वर केली. "बघा. तेच आहे."

"पुढे वाचा."

"चहा…" भाची अडखळली. भिंग मागेपुढे केलं. "चहा तोपर्यंत होतो."

बाहेर वारा कौलांवरच्या धोंड्यांतून शीळ घालत होता.

"हे काय?" काका म्हणाले. "तळ्याकडे जाऊ नये, चहा तोपर्यंत होतो? तोपर्यंत म्हणजे कधीपर्यंत?"

लेकीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मास्कच्या आतला एक शब्द पाच महिने तिच्या कानात होता. आईला चहा हवा होता आणि तो आपण वेळेवर नेला नाही, अशी तिने त्याची समजूत करून घेतली होती. आईला चहा नको होता. आईला बावीस वर्षांपूर्वी काढून टाकलेलं वाक्य आठवलं होतं. आणि ते वाक्य शेजारी ठेवलं की त्या चार अक्षरांना जागा द्यायला एकच ठिकाण उरत होतं.

हे सगळं सांगायची गरज नव्हती. अक्षर लागत नाही म्हणून कागद परत डब्यात गेला असता, पाचवी आवृत्तीही चौथीसारखीच निघाली असती, आणि नयेबाईंच्या हातून कधी चूक निसटली नाही हे मालक आणखी वीस वर्षं सांगत राहिले असते.

"चूक आईची आहे," ती म्हणाली. "मामांनी सगळं जोडून लिहिलंय. 'जाऊन ये' असं आहे ते. आईने जागा चुकीच्या ठिकाणी दिली, 'जाऊ नये' वाचलं. मग पुढचं वाक्य जुळेना. विचारायला मामा राहिले नव्हते. म्हणून तिने ते वाक्यच काढलं." तिने पुस्तक उघडून समासातली ओळ भाचीसमोर धरली. "शेवटी शेवटी तिच्या लक्षात आलं होतं. मी त्यासाठीच आले."

भाचीने ती ओळ वाचली. मग कागद पुन्हा वाचला, ओठ हलवत, एकदा असा, एकदा तसा. मग ती उठून दारात जाऊन उभी राहिली, त्यांच्याकडे पाठ करून.

"बावीस वर्षं," ती म्हणाली. "मामा मला सांगतायत, जा बाई, बघून ये, मी चहा टाकतो. आणि मी लोकांना इथून माघारी फिरवतेय. तुमच्या आईने एका टिचकीत माझ्या मामांना…"

"हो," लेक म्हणाली.

काकांनी खाकरून विचारलं, "मग तो भोवरा?"

भाचीच्या पाठीला जरासा हिसका बसला. ती वळली. "भोवरा माझा," ती म्हणाली. "लोक फार का का करायचे. पुस्तकात कारण नव्हतं. मग मी दिलं."

"आणि हवा?"

"हवा पण माझीच."

आधी काका हसले. मग भाचीला हसू आवरेना. ती दाराच्या चौकटीला धरून हसली आणि त्या हसण्यातच पदर डोळ्यांना लावला. मग आभाळाकडे पाहिलं. ढग नव्हता. उजेड अजून दोन तास पुरेल एवढा होता.

"काका, चहा येतो करता?"

"येतो म्हणजे… बघितलाय करताना."

"दूध त्या डब्यात, साखर लाल झाकणाच्या बाटलीत. स्टोव्हला पिन मारावी लागेल; तुमच्याकडे असेलच." तिने काठी उचलली. "आम्ही जाऊन येतो."

वाट अवघड नव्हती. दगडांमधून वळणं घेत हळूहळू चढत होती. भाची पुढे होती, पण आज प्रत्येक पावलाआधी काठीने चाचपत होती. तीन दिवस डोळे मिटून चालणारी बाई इथे नवखी होती. दोघीही बोलता येईल एवढ्याच वेगाने चालल्या.

"तुमच्या आई आल्या होत्या का कधी डोंगरात?"

"छे. बाजाराच्या चढावरसुद्धा दोनदा थांबायची. नाटकाला गेली तरी दाराजवळची खुर्ची धरायची. तिला कुठे जायचंच नसायचं."

"म्हणून तिला 'जाऊ नये' दिसलं."

"म्हणून."

तळं एकदमच समोर आलं. लहानसं होतं, मोठ्या अंगणाएवढं. तळाचे दगड मोजता यावेत इतकं नितळ, आणि मधोमध उभं राहिलं तरी गुडघ्याच्या वर पाणी लागू नये असं. भोवरा नव्हता. कडेने तीच निळी फुलं होती, फक्त इथे दाट होती. लेकीने हात बुडवला आणि लगेच बाहेर काढला. पाणी दातांना कळा आणील असं गार. पलीकडच्या काठाला जमीन संपल्यासारखी दिसत होती. दोघी तिथवर गेल्या आणि थांबल्या.

खाली सगळं होतं. पहिल्या दिवसाचं रान, ते संपायची ती ओळ, दुसऱ्या दिवसाचं कुरण, आणि अगदी पायाशी कौलांवर धोंडे ठेवलेली खोली. दारातून निळसर धूर येत होता, आणि एक माणूस खुर्ची अंगणात मांडून दुर्बिणीतून त्यांच्याकडे बघत होता.

"म्हणजे मी इथे उभी राहिले की त्यांना खालून दिसले असते," भाची म्हणाली. बराच वेळ ती फक्त खोलीच्या छपराकडे पाहत होती.

मग लेकीने तिला शेवटच्या सकाळचं सांगितलं. थोडक्यात. खुर्ची, मास्क, चार अक्षरं, चहा, थर्मास.

"मला उत्तर दिलं की नुसतं वाचत होती, कोण जाणे," ती म्हणाली. "वाचत असली की ती कशालाही उत्तर म्हणून वाचलेलंच सांगायची. लहानपणी मी खेळायला जाऊ का विचारलं, तर म्हणाली पूर्णविराम."

भाचीने जरा विचार केला. "दोन्ही एकदम करता येतं की. मामा मला पाढे शिकवता शिकवता मेंढ्या मोजायचे." आणि थोड्या वेळाने, "पण तुम्ही बरोबरच केलंत. म्हणाली तशा गेलात, आलात, आणि तोपर्यंत चहा झालाच होता."

थर्मासचा तो जडपणा पुन्हा एकदा लेकीच्या हातात आला, आणि या वेळी तिने तो तसाच राहू दिला. मग खिशातून पुस्तक आणि आईची पेन्सिल काढली. पान एकेचाळीस. 'जाऊ' आणि 'नये' यांच्यामधली जागा बुजवायची खूण केली, 'ये'च्या आधी नवी जागा मागणारी रेघ मारली, आणि सुटलेलं वाक्य समासात आणून बसवलं. आई करायची तशा खुणा. आईच्या 'मूळ पाहणे'खाली थोडी मोकळी जागा होती. तिथे तिने लिहिलं, 'पाहिले.'

खालून आरडाओरडा ऐकू आला. काका खुर्ची आडवी पाडून आत धावत होते.

"उतू गेला," भाची म्हणाली. "चला. दूध तेवढंच होतं."